उशीखालचा बिल्ला

माणूस आजारी पडला तर मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते. पण आजारी नसताना कपाळावर ओलं फडकं ठेवून कण्हत पडणारा माणूस मला खपत नाही, मग तो पोटचा पोरगा असो, आणि वरून खासदार असो. सोमवारपासून हा आमच्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत पांघरूण घेऊन पडला होता. सून बिचारी फोन वाजला की "ताप आहे" सांगायची, दार वाजलं की "ताप आहे" सांगायची. सांगून सांगून तिचाच चेहरा उतरला.

ह्याला ताप आला की ह्याचे कान लाल होतात. पाळण्यात होता तेव्हापासून. मी रोज चहा द्यायला जायची ती कान बघायला जायची. कान चांगले पांढरे, थंड.

"थर्मामीटर लावू का?" मी विचारलं.

"नको आई. आतून आहे ताप."

"आतून म्हणजे कुठून? खासदारकीतून?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं. मीही मग जास्त ताणलं नाही, कारण खरं सांगायचं तर तो का पडलाय ते मला ठाऊक होतं, आणि माझ्याही पोटात तोच गोळा होता. फक्त मी तो घेऊन कामाला उभी होते आणि हा घेऊन झोपला होता.

आमची लाँड्री मोठी आहे. खाली बॉयलर, धुण्याचे ड्रम, आणि चादरी दाबायचा लांबलचक गरम रोलर. हॉटेलांच्या चादरी येतात, इस्पितळाच्या येतात, आणि संसदेच्या कँटीनचे टेबलक्लॉथ येतात. ते काम पोरगा निवडून यायच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे आहे. वशिल्याने मिळालं म्हणणाऱ्यांच्या जिभा मी स्टार्चमध्ये घालून कडक केल्या असत्या, पण स्टार्च फुकट मिळत नाही.

बॉयलर बंब्या बघायचा. बंब्या म्हणजे माझ्या बहिणीचा पोरगा. ती गेली तेव्हा हा एवढासा होता. मी त्याला घरी आणला आणि माझ्या पोराच्या शेजारी झोपवला. एका पांघरुणात वाढले दोघं. एक शिकला, बोलायला लागला, लोकांनी उचलून संसदेत नेऊन ठेवला. दुसरा बॉयलरपाशी राहिला. दुसऱ्यालाही लोकांनीच उचलला, पण ते लोक वेगळे.

थंडी सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. साध्या कपड्यातले दोघं आत आले. बंब्याच्या अंगावर एप्रन, हातात जाड मोजे. "जरा बाहेर या, लगेच सोडतो," म्हणाले. बंब्या जाताना मागे वळून मला म्हणाला, "मावशी, बॉयलरच्या काट्याकडे लक्ष ठेव. लाल रेघेवर जाऊ देऊ नकोस." एवढंच बोलला. काय केलं होतं त्याने? ते कुणी सांगत नाही. कुठे ठेवलाय? तेही नाही. चौकीत गेले तर खुर्चीतला माणूस म्हणाला, "आजीबाई, सांगायची आमच्यावर सक्ती नाही. कायदाच तसा आहे."

आहे खरा तसा कायदा. मागे शहरात जाळपोळ झाली तेव्हा केला होता, तात्पुरता म्हणून. कुणालाही उचला, कारण सांगू नका, न्यायाधीशापुढे उभं करू नका. त्याची मुदत ह्या महिनाअखेर संपत होती. संपली की आत ठेवलेल्या सगळ्यांना एकतर सोडायचं, नाहीतर कोर्टात आणायचं. म्हणजे बंब्या कुठे आहे, जिवंत आहे का, ते तरी कळलं असतं. पण सरकारने नवीन विधेयक आणलं: तोच कायदा, आता कायमचा. गुरुवारी संध्याकाळी त्याच्यावर मतदान.

आणि सरकार म्हणजे माझ्या पोराचाच पक्ष.

मतदान कसं होतं ते मी एकदा गॅलरीत बसून पाहिलंय. पोरगा नवीन निवडून आला तेव्हा मला पास काढून दिला होता. भाषणं चालू असताना मला डुलकी लागली. मग घंटा वाजली आणि मी दचकून जागी झाले. अध्यक्षांच्या मागे दोन दारं आहेत. उजवं "होय"चं, डावं "नाही"चं. प्रत्येक खासदाराकडे त्याच्या आकड्याचा पितळी बिल्ला असतो. तो दारापाशी पेटीत टाकायचा आणि पलीकडे जायचं. दारातला माणूस मोठ्याने मोजत असतो, आम्ही ड्रममध्ये चादरी मोजून टाकतो तसा. मला ते फार पटलं. तोंडाने कितीही गोड बोला, शेवटी पायाने कुठलं तरी दार ओलांडावंच लागतं.

माझ्या पोराने त्यातूनही वाट काढली.

आता त्या प्रतोदाचं सांगते. पक्षातल्या खासदारांना हाकून बरोबर दाराशी नेणारा जो असतो त्याला प्रतोद म्हणतात. प्रतोद म्हणजे चाबूक. ह्या माणसाच्या हातात चाबूक नव्हता, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. रविवारी घरी आला. मला वाकून नमस्कार केला, टेबलावरच्या कापडाची घडी बोटाने चाचपून म्हणाला, "आजी, अशी इस्त्री आजकाल बघायला मिळत नाही." मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तेव्हा तो माझ्या पोराला हळू आवाजात सांगत होता, "तुमची मुलगी हॉस्टेलवर असते ना? तिची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. रात्री दिवा लावून वाचत बसते, बाहेरून सगळं दिसतं. पडदा लावायला सांगा हो तिला."

बस. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. माझ्या हातातल्या कपबशा वाजायला लागल्या. त्याने उठून माझ्या हातातून ट्रे घेतला. "सावकाश, आजी," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोराला ताप आला. आणि लाँड्रीसमोर एक करडी गाडी येऊन उभी राहिली. आत दोघं बसून असायचे. सुनेने विचारलं तर म्हणाले, "साहेब आजारी आहेत ना, म्हणून काळजी घ्यायला ठेवलंय आम्हाला."

गुरुवारी सकाळी मी उशीचा अभ्रा बदलायला वर गेले. आजारी माणसाचा अभ्रा रोज बदलावा लागतो, खोट्या आजारी माणसाचाही. तो न्हाणीघरात होता. उशी उचलली तर खाली पितळी बिल्ला. मी उजेडात धरला. मला वाचताना अडखळायला होतं, पण आकडे माझे पक्के आहेत, आणि पोराच्या बिल्ल्याचा आकडा मी तो निवडून आला त्याच दिवशी पाठ केलाय. हा त्याचा नव्हता.

तो टॉवेलने तोंड पुसत आला आणि माझ्या हातात बिल्ला बघून दारातच थबकला.

"कुणाचा आहे?"

"आई, तो ठेव तिथे."

"कुणाचा आहे विचारलं मी."

"काठीवाल्या बाईंचा."

काठीवाल्या बाई म्हणजे विरोधी पक्षातल्या जुन्या खासदार. पाय अधू, काठी टेकत चालतात. सभागृहात बोलायला उभ्या राहिल्या की मंत्री पाण्याचा ग्लास शोधतात.

"त्यांचा बिल्ला तुझ्या उशीखाली काय करतोय? अंडी घालायला ठेवलाय?"

मग तो पलंगावर बसला आणि सांगायला लागला. त्यांच्यात जुनी रीत आहे. इकडचा कुणी आजारी पडला, तर तिकडच्या एकाने त्याच्याबरोबर जोडी लावायची. दोघांनी आपापले बिल्ले एकमेकांना देऊन टाकायचे. बिल्ला नाही म्हणजे दार ओलांडता येत नाही. इकडचं एक मत कमी, तिकडचं एक कमी, आजारी माणसामुळे कुणाचं नुकसान नाही. सगळं शब्दावर चालतं. परत करायचा तर ज्याने घेतला त्यानेच हातात द्यायचा. आणि आजपर्यंत कुणी जोडी मोडलेली नाही, खोटं आजारीही कुणी पडलेलं नाही.

"आजपर्यंत," मी म्हटलं.

"आई, मी कुणाच्याच बाजूने नाही असं झालं ना त्याने? मी बंब्याच्या विरुद्ध बिल्ला टाकला नाही. आणि पोरीलाही..."

"थांब. त्या बाई कुठल्या दाराने गेल्या असत्या?"

"नाहीच्या."

"आणि तू?"

तो टॉवेलची घडी घालायला लागला. चुकीची घालत होता. जन्म लाँड्रीत गेला आणि घडी घालता येत नाही.

"मी विचारते, ताप नसता तर तू कुठल्या दाराने गेला असतास?"

"नाहीच्याच. मी पक्षात बोललोही होतो तसं. म्हणून तर प्रतोद आला. त्यानेच सुचवलं, की आजारी पडा, जोडीची व्यवस्था मी करतो. मला वाटलं, माणूस चांगला आहे, वाट काढून देतोय."

मी पलंगाचा खांब धरला.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "इकडचा एक, तिकडचा एक म्हणतोस. तू इकडचा होतास कुठे? तूही नाहीचा, त्याही नाहीच्या. तो एकाला अडवायला आला आणि दोघांना बांधून गेला. आणि दोरी तू आणून दिलीस!"

तेवढ्यात सून वर आली. खाली रेडिओ चालू होता. सरकारी पक्षातले आणखी काही जण फुटले होते. बातम्यांत म्हणत होते की आता दोन्ही बाजू सारख्या झाल्यात, आणि सारख्या झाल्या तर अध्यक्ष सरकारच्या बाजूने कौल देतात.

"म्हणजे एका बिल्ल्यावर आलं," सून म्हणाली.

बिल्ला माझ्या मुठीत होता. मी पोराकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. आठवड्यात पहिल्यांदा.

त्याच वेळी फोन वाजला. मीच उचलला. काठीवाल्या बाई होत्या.

"तुमच्या मुलाला बरं आहे का? ताप उतरला?"

आवाज इतका मायेचा की मला जमिनीत जावंसं वाटलं. म्हणाल्या, "पक्षातले सगळे माझ्यावर रागावलेत. म्हणतात, मोडा जोडी, बिल्ला परत मागा, विधेयक पडेल. पण आजारी माणसाला दिलेला शब्द मी कसा मोडू? तुम्ही त्याला सांगा, काळजी करू नकोस, मी जागेवरून हलणार नाही."

बंब्याला घरी आणू शकेल असा तो एक बिल्ला, आणि त्या बाई मला सांगत होत्या की काळजी करू नका. खरं सांगायची सोय नव्हती. फोनवर आणखी कुणी कान लावून बसलंय का कोण जाणे, मधेच खरखर येत होती.

मी म्हटलं, "बाई, कँटीनचे टेबलक्लॉथ घेऊन मी स्वतः येतेय संध्याकाळी आमच्या गाडीने. मागच्या कोठीत उतरवते. तुम्ही एकदा बघून घ्यायला याल का? एका कापडावर डाग राहिलाय."

त्या म्हणाल्या, "येते. निघण्यासारखा आहे का डाग?"

"घासून बघते," मी म्हटलं.

फोन ठेवला तर पोरगा पलंगाच्या कडेला येऊन बसला होता. "आई, ते पोरीला काही करतील. तुला कळत नाही. त्याने खिडकी सांगितली. कुठली खिडकी ते माहीत आहे त्यांना!"

मला कळत नव्हतं? रविवारपासून मी डोळे मिटले की ती खिडकी दिसत होती. दिवा, पुस्तकावर वाकलेली पोर, बाहेर अंधारात उभा कुणीतरी. एका हाताला नात आणि एका हाताला भाचा, आणि कुठला सोडतेस असं मला विचारणारं कुणी नाही, परस्पर ओढून चालले होते.

बोलली ती सून. एरवी तिच्या तोंडून आवाज येत नाही. कोपऱ्यातली पिशवी तिने उचलली, ती कधी भरून ठेवली होती मला पत्ता नाही.

"मी पोरीकडे जाते," म्हणाली. "मागच्या गल्लीतून, धुण्याच्या बायकांबरोबर निघते. आज ती हॉस्टेलवर राहणार नाही, माझ्या मैत्रिणीकडे राहील, आणि मी तिच्या उशाशी बसेन. माझ्या पोरीचं मी बघते. तुम्ही तुमच्या पोराचं बघा."

गेली. कामावरच्या बायकांसारखं डोक्याला फडकं बांधून, बादली घेऊन गेली. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. गाडीतल्या माणसांनी मानही वळवली नाही. धुणं घेऊन जाणारी बाई कुणाला दिसत नाही, हे मला तेव्हा सुचलं.

दुपारी तिचा फोन आला. "पोहोचले. पोरगी माझ्याजवळ आहे." मी ते पोराला दोनदा सांगितलं. त्याने मान हलवली, पण पांघरूण सोडेना. शेवटी मी त्याच्या अंगावरून पांघरूण ओढलं, तसं ओढून मी त्याला शाळेला उठवायची. त्याच्या हातात बिल्ला दिला. "तुझ्या हाताने घेतलास, तुझ्या हाताने देणार. माझ्याकडून त्या घेणार नाहीत. चल."

कँटीनचा माल आम्ही चाकाच्या मोठ्या कॅनव्हासच्या टोपलीत नेतो. दोन माणसं मावतील एवढी. देशाचा खासदार त्यात पाय पोटाशी घेऊन झोपला आणि मी त्याच्यावर पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ रचले. ड्रायव्हर आमचा जुना, त्याने काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "ताई, आज माल जरा जड आहे."

"मालात दम नाही, नुसतं वजन आहे," मी म्हटलं.

टोपली गाडीत चढवत होतो तेवढ्यात करड्या गाडीतला एकजण उतरून आला. जवळून बघितला तर तरणा पोरगा, गालावर दाढी करताना कापलेलं.

"आजी, साहेब कसे आहेत?"

"कण्हतोय. झोपलाय आता. उठवू नका, जरा डोळा लागलाय."

"हे काय?"

"संसदेचे टेबलक्लॉथ. रोजचेच."

त्याने टोपलीच्या कडेवर हात ठेवला आणि वरचं कापड दोन बोटांनी उचललं. मला खालच्या थरातून मोजा दिसला. पोराच्या पायाचा अंगठा, मोज्यासकट, कापडातून वर आलेला. माझं काळीज तिथेच थांबलं. पण तोंड माझं थांबत नाही, ते देवाने वेगळं बनवलंय.

"हात धुतलेत का?" मी खेकसले. "आज मोठे मोठे लोक बसणार त्या टेबलांवर! तुमच्या साहेबांच्या ताटाखाली तेलकट बोटं उमटली तर मी काय सांगू? की गाडीत बसून वडे-बिस्किटं खाणारा तुमचाच माणूस हात पुसून गेला?"

त्याने चटकन हात मागे घेतला आणि पँटला पुसला. त्याचा जोडीदार गाडीतून हसला. मी माझी शाल काढून त्या अंगठ्यावर टाकली, जणू मला उकडत होतं. आणि उकडतच होतं, पाठीवरून घामाची धार लागली होती.

वाटेत मी एक हात टोपलीत घालून बसले. खालून त्याने माझी बोटं धरली. एवढा घोडा झालेला माणूस, पण हात लहानपणीसारखाच ओला. मला त्याच्यावर राग यायला हवा होता. आला नाही. भीतीच एवढी होती की रागाला जागा उरली नव्हती.

मागच्या फाटकावर पहारेकऱ्याने मला ओळखलं आणि आत सोडलं. कोठी म्हणजे कँटीनमागची खोली, बशांची चळत, चमच्यांचे खोके आणि एक बारीक खिडकी. काठीवाल्या बाई आधीच येऊन खोक्यावर बसल्या होत्या. मी दार लावलं आणि टेबलक्लॉथ बाजूला केले. टोपलीतून पोरगा उठून बसला, केसाला स्टार्च, चेहरा पांढरा. वेगळा दिवस असता तर आम्ही हसून मेलो असतो.

त्याने बिल्ला पुढे केला. "बाई, मला ताप नव्हता."

बाईंनी लगेच घेतला नाही. त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बिल्ला घेतला, आपल्या पिशवीतून त्याचा काढून त्याच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली.

"बरं झालं स्वतः सांगितलंत," म्हणाल्या. "आता मी मोकळी, तुम्हीही मोकळे. कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि काठी टेकत निघाल्या. दारात मला म्हणाल्या, "डाग निघाला, बाई." मला अजून खात्री नव्हती.

घंटा वाजायला लागली. ती घंटा साऱ्या इमारतीत वाजते, बशासुद्धा किणकिणतात.

"चल," मी म्हटलं.

"तू गॅलरीत जा. मी समोरून येतो."

"येतोस ना?"

"येतो, आई."

जिन्यावरचा शिपाई मला कँटीनच्या मालामुळे ओळखायचा, त्याने पास न मागता वर सोडलं. गॅलरीत कठडा धरून बसले. खाली सगळे उभे राहिले होते, दोन्ही दारं उघडली होती. उजव्या दाराशी प्रतोद उभा, एकेकाच्या पाठीवर हात ठेवून आत सोडत होता, गालात गोळी. पेट्यांत बिल्ले पडत होते, मोजणाऱ्यांचे आवाज एकमेकांत मिसळत होते.

मग काठीवाल्या बाई जागेवरून उठल्या.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. त्यांच्या बाजूचे लोक बाजूला होऊन वाट द्यायला लागले. काठीचा आवाज वर गॅलरीत ऐकू यायला लागला. प्रतोदाच्या गालातली गोळी हलायची थांबली. बाई डाव्या दाराशी गेल्या, बिल्ला वर धरून सगळ्यांना दिसेल असा पेटीत टाकला, आणि पलीकडे गेल्या.

माझे डोळे माझ्या पोराला शोधत होते. ह्या दारातून येईल, त्या दारातून येईल. प्रत्येक पांढरा सदरा मला त्याचा वाटायचा. घंटा थांबली. शिपायांनी दारं ओढली. मी कठड्यावरून एवढी वाकले की शेजारी बसलेल्या बाईने मला मागून धरलं.

दारं लागली. माझा पोरगा कुठल्याच दारातून गेला नव्हता.

अध्यक्षांनी आकडे वाचले. नाहीची बाजू एकाने जास्त. विधेयक पडलं. खाली एवढा गलका झाला, लोक बाकं वाजवत होते, कुणी कुणाच्या गळ्यात पडत होतं. बंब्याचं नाव माझ्या तोंडात आलं आणि तिथेच राहिलं, कारण त्या सगळ्या गोंधळात एकच माणूस शांत उभा होता आणि तो मान वर करून गॅलरीत बघत होता. माझ्याकडे. प्रतोदाने खिशातून एक नवीन गोळी काढली, कागद सोडवला, तोंडात टाकली, आणि रविवारी केला होता तसाच मला वाकून नमस्कार केला.

त्याला सगळं कळलं होतं.

मी खाली कशी आले आठवत नाही. कोठीचं दार उघडलं तर पोरगा टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यावर बसलेला, बिल्ला मुठीत. मुठीवर वळ उठले होते एवढा आवळून धरलेला.

"पडलं का?" त्याने विचारलं.

"पडलं."

तो दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. "मी सभागृहाच्या दारापर्यंत आलो होतो, आई. खरंच आलो होतो. आत तो प्रतोद दिसला. त्याने माझ्याकडे बघितलंही नव्हतं. नुसता उभा होता. पाय उचलेना. मग मला वाटलं, बाई तर जाणारच आहेत, एक मत पुरे आहे, मग मी कशाला..."

मी त्याच्या शेजारी बसले. बाहेर कँटीनमध्ये लोक चहा मागवत होते. दाराशी पावलं वाजली की आम्ही दोघंही गप्प व्हायचो. पावलं पुढे जायची. मग मी त्याचं तोंड वर केलं आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं.

"ऐक. तू घाबरलास, ते मी मनात धरत नाही. मीही घाबरलेय, अजून माझे पाय बघ, कसे उडतायत. पण तू घाबरून नुसता लपला नाहीस, लपताना एका म्हाताऱ्या बाईचे हात बांधून घेऊन गेलास, आणि त्यांनी तुझ्या तापाची चौकशी केली. आज तू त्यांची वस्तू त्यांना परत दिलीस. लोक ह्याला शौर्य म्हणतील, तू म्हणू नकोस. चोरलेलं परत देणं एवढंच आहे ते. आणि लपून वाचवलंस तरी काय? तो वरती बघून मला नमस्कार करून गेला. त्याची भीती आता तुलाही आहे, मलाही आहे, दार ओलांडलं असतंस तर एवढीच असती, एक कणही जास्त नाही. फक्त मान वर असती. आता डोळे पूस. ह्या टोपलीतून मी तुला परत नेणार नाही, पुढच्या दाराने माझ्याबरोबर चालत बाहेर यायचं, त्याच्यासमोरून. आणि बंब्या ज्या दिवशी घरी येईल, येईलच तो, त्या दिवशी त्याला मी काही सांगणार नाही. तू कुठल्या दाराने गेलास ते त्याला तू सांगायचंस, त्याच्या तोंडावर."